‘फक्त अ‍ॅपर्चर बदललं’ या वाक्यातला ‘फक्त’

जुन्या लेन्समध्ये बदल करणाऱ्यांचा पुरावा सहसा एकाच प्रकारचा असतो. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेले. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडे मागचे दिवे गोल दिसतात, उजवीकडे उभे अंडाकृती. खाली एक ओळ: लेन्स तीच आहे, फक्त अ‍ॅपर्चर बदललं. फरक डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच पटतं.

माझं भांडण त्या ‘फक्त’शी आहे. फोटो वाईट आहेत असं मी म्हणत नाही, बरेचसे सुंदर असतात. पण ‘फक्त हेच बदललं’ हा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मी हा विषय मुद्दाम घेतलाय. उद्या तुम्ही लेन्सला हात लावा किंवा लावू नका, एखादं उपकरण, एखादा सर्व्हे, एखादं सॉफ्टवेअर तुम्ही नक्की बदलाल. तेव्हा हेच वाक्य तुमच्या प्रबंधात येणार आहे.

आधी माझी फजिती सांगते. मी सेकंडहँड हेलिओस ४४-२ घेतली, पुढचा काचेचा गट फिरवून काढला, काळ्या कागदाची अंडाकृती चकती ब्लेडच्या पुढे बसवली आणि लेन्स परत जोडली. फोटो झकास आले. ग्रुप मीटिंगमध्ये ते ऐटीत दाखवले. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: “कडेला चित्र मऊ पडलंय. हे चकतीमुळे, की तू लेन्स परत नीट बसवली नाहीस म्हणून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेन्स उघडण्याआधी मी मोजमापाचा एकही फोटो काढला नव्हता. ‘आधी’ म्हणून जो फोटो दाखवला, तो मैत्रिणीच्या हेलिओसने काढलेला होता. हेलिओस ४४-२ सोव्हिएत संघात एकाहून जास्त कारखान्यांत बनत होती. त्यात इतक्या वर्षांची धूळ, ग्रीस आणि कुणाकुणाची दुरुस्ती. अशा दोन लेन्स ‘एकच’ कशा मानायच्या? आणि चकती काढून टाकली तरी न उघडलेली लेन्स मला परत मिळणार नव्हती. ‘आधी’ कायमचं गेलं होतं.

तेव्हापासून असे बदल बघताना मी तीन प्रश्न विचारते. नक्की काय बदललं? ते बदललं हे कशावरून? आणि परत फिरता येतं का? या तीन प्रश्नांवर चार बदल तपासू.

एक भोक, पाच कामं

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या डोळ्याची बाहुली. पातळ पोलादी ब्लेडची कडी असते, ती मिटली की भोक लहान होतं. शाळेत आपण शिकतो की भोक लहान केलं की प्रकाश कमी होतो. खरं आहे, पण ते पाचांपैकी एकच काम झालं.

दुसरं काम: किती खोलीपर्यंतचं दृश्य स्पष्ट दिसेल हे अ‍ॅपर्चर ठरवतं. तिसरं: फोकसच्या बाहेरचा प्रत्येक प्रकाशबिंदू चित्रात पसरतो, तो भोकाचा आकार घेऊन. या धूसरपणाला फोटोवाले बोके म्हणतात. शब्द जपानी आहे, आपल्या बोक्याशी त्याचा संबंध नाही. चौथं: लेन्सच्या काठाजवळून येणारे किरण जास्त दोष घेऊन येतात, भोक लहान झालं की ते अडवले जातात आणि चित्र धारदार होतं. पाचवं: पूर्ण उघड्या लेन्समध्ये चित्राच्या कोपऱ्यांकडे जाणारे तिरपे किरण नळीच्या कडांना अडतात, म्हणून कोपरे काळवंडतात आणि तिथले गोल मांजरीच्या डोळ्यासारखे चपटे होतात. भोक लहान केलं की हेही कमी होतं.

म्हणजे एकाच बटणाला पाच तारा जोडलेल्या आहेत. तुम्ही तिसऱ्या तारेसाठी बटण दाबता, बाकीच्या चार आपोआप ओढल्या जातात. ‘फक्त बोकेचा आकार बदलला’ हे वाक्य म्हणूनच जवळजवळ कधीच खरं नसतं.

पहिला बदल: क्लिक काढणं

सगळ्यात लोकप्रिय बदल हा. अ‍ॅपर्चरची रिंग फिरवताना प्रत्येक आकड्यावर टक्‌ असा आवाज येतो. आत एक बारीक पोलादी गोळी असते, स्प्रिंग तिला रिंगच्या खाचेत दाबून ठेवते. व्हिडिओ काढताना हा टक्‌ नको असतो. आवाजही नको आणि उजेडात एकदम पडणारा टप्पाही नको. मग लोक रिंग उघडतात, गोळी काढून डबीत ठेवतात आणि लेन्स बंद करतात.

काय बदललं? वरवर काहीच नाही, भोक तेच आहे. पण खाच गेली की रिंग सैल होते, धक्का लागला तरी सरकते. म्हणून बरेच जण जाड ग्रीस भरतात. आणि मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट गमावली जाते: पुनरावृत्ती. क्लिक असताना एफ/४ वरून हललात आणि परत आलात, तर जवळजवळ त्याच जागी येता. क्लिक नसेल तर तुमच्या नजरेच्या आणि बोटाच्या अंदाजावर येता. जुन्या अनेक लेन्सवर लहान भोकांचे आकडे एकमेकांना चिकटलेले असतात. तिथे रिंग केसभर सरकली तरी प्रकाशात दखल घेण्याजोगा फरक पडतो. चित्रपट काढणाऱ्याला हे चालेल, मालिकेने मोजमापं घेणाऱ्याला नाही.

गंमत पुढे आहे. हेलिओस ४४-२ चे क्लिक काढण्याचे धडेही लोक उत्साहाने देतात, आणि या लेन्सला त्याची गरजच नाही! ती ‘प्रीसेट’ जातीची आहे, म्हणजे तिला दोन रिंगा आहेत. एका रिंगवर क्लिक आहेत, तिने मर्यादा ठरवायची. दुसरी रिंग बिनक्लिकची आहे, ती पूर्ण उघड्या भोकापासून त्या मर्यादेपर्यंत अलगद फिरते. पहिली रिंग एफ/१६ वर ठेवा, दुसरी फिरवा. एफ/२ ते एफ/१६ सगळा पल्ला एकाही क्लिकशिवाय मिळतो. हवं ते आधीपासून आत होतंच, बघितलं नाही इतकंच.

संशोधनात याला साधं नाव आहे: पूर्वपरीक्षण न करणं. उपकरण बदलण्याआधी ते मुळात काय करू शकतं हे न वाचणं. प्रस्ताव लिहिताना ‘उपलब्ध साधनं अपुरी आहेत’ असं एक वाक्य आपण सगळेच टाकतो. तुमच्याबाबतीत ते खरं आहे का, हे एकदा रिंग फिरवून बघा.

दुसरा बदल: पिन दाबून टाकणं

यावर थोडक्यात. नंतरच्या एम४२ लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. जुना कॅमेरा फोटोच्या क्षणी ती दाबायचा आणि ब्लेड ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटायचे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर लावून लेन्स बसवली की पिन दाबणारं कुणी नसतं. लेन्सवर हाताने चालवण्याची कळ नसेल, तर भोक उघडंच राहतं. काही जण पिन गोंदाने कायमची चिकटवतात, काही कापून टाकतात.

इथे तिसरा प्रश्न विचारा: परत फिरता येतं का? गोंद लावला तर अवघड, कापली तर नाही. आणि पर्याय? आतल्या बाजूला पट्टी असलेला अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो पिन आपोआप दाबून धरतो. जो बदल लेन्सच्या बाहेर करता येतो, तो आत करण्यात शहाणपण नाही. इतकंच.

तिसरा बदल: अंडाकृती चकती

आता मुख्य आरोपी. चित्रपटांत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅनामॉर्फिक लेन्स दृश्य आडवं आकुंचित करून टिपतात आणि पडद्यावर ते परत रुंद केलं जातं. त्यांच्यात नळकांड्यासारख्या वळणाच्या काचा असतात. त्यामुळे तीन गोष्टी एकत्र येतात: आडवं दृश्य जास्त रुंद मिळतं, मागचे दिवे उभे अंडाकृती दिसतात, आणि झगमगत्या दिव्यातून आडवी रेघ निघते. या लेन्स महाग असतात. म्हणून युक्ती अशी की साध्या जुन्या लेन्सच्या अ‍ॅपर्चरपाशी अंडाकृती भोकाची चकती बसवायची.

यातून तीनपैकी एकच गोष्ट मिळते, दिव्यांचा आकार. दृश्य रुंद होत नाही आणि चकतीमुळे रेघही निघत नाही. ‘अ‍ॅनामॉर्फिक लूक’ हा शब्द तिथेच अर्ध्यापेक्षा जास्त गळतो. पण हा आक्षेप सोपा आहे. खरा घोटाळा तुलनेत आहे.

हिशोब करू. हेलिओसची फोकल लांबी ५८ मिमी, पूर्ण उघडं भोक एफ/२. समोरून दिसणारी बाहुली ५८ भागिले २, म्हणजे २९ मिमी व्यासाची. आता समजा अंडाकृती भोक पूर्ण उंचीचं पण अर्ध्या रुंदीचं आहे. अशा लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या बरोबर निम्मं भरतं. प्रकाश निम्मा, म्हणजे एक पूर्ण स्टॉप गेला. ‘नंतर’चा फोटो उजेडाच्या हिशोबाने एफ/२ चा नाहीच, एफ/२.८ चा आहे. आणि ‘आधी’चा? बहुतेक वेळा एफ/२ चा.

पुढे बघा. भोक आडवं अर्धं झालं, म्हणून धूसरपणाही आडव्या दिशेने अर्धा झाला. खिडकीच्या उभ्या गजाची कड आडवी पसरते, म्हणजे तिच्यासाठी ही लेन्स एफ/४ सारखी वागते. आडव्या गजासाठी मात्र ती एफ/२ च राहते. एकाच फोटोत दोन खोल्या! काठाचे दोषयुक्त किरणही डावी-उजवीकडूनच अडवले गेले, वर-खाली तसेच आहेत. चकतीने लेन्स धारदार झाली असं कुणी म्हणतं, मऊ झाली असं दुसरं कुणी म्हणतं. दोघंही खरं बोलत असतील. एकाने उभ्या रेषा बघितल्या, दुसऱ्याने आडव्या.

हेलिओसची ख्याती तिच्या गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी आहे. झाडाची पानं चित्राच्या मध्याभोवती फेर धरल्यासारखी दिसतात. यात मोठा वाटा वर सांगितलेल्या मांजरडोळ्याचा. कोपऱ्यांकडे बाहुली नळीच्या कडेने कापली जाते आणि गोल चपटे होऊन मध्याभोवती ओळीने लागतात. आता उभी अंडाकृती चकती टाका. चित्राच्या डाव्या-उजव्या टोकांना नळी बाहुलीला डावी-उजवीकडून कापते, पण तिथे चकतीने आधीच कापून ठेवलंय, नळीला कापायला फारसं उरत नाही. वर-खाली मात्र कापणं चालूच राहतं. म्हणजे फेर अर्धवट मोडतो. ‘हेलिओसचं गरगरणं अधिक अ‍ॅनामॉर्फिक अंडाकृती’ अशी जाहिरात वाचली की लक्षात ठेवा, दुसरं मिळवताना पहिल्यातलं काही जातं.

मग तुलना कशी करायची? माझ्या मते कमीत कमी तीन ‘आधी’ लागतात. एक एफ/२ चं गोल भोक, म्हणजे मूळ लेन्स. दुसरं एफ/२.८ चं गोल भोक, कारण त्याचा प्रकाश चकतीइतकाच आहे. तिसरं एफ/४ चं गोल भोक, कारण त्याची रुंदी चकतीइतकी आहे. या तिघांत जे दिसत नाही आणि चकतीत दिसतं, तेवढंच चकतीच्या *आकाराचं* श्रेय. बाकीचं श्रेय भोक लहान झाल्याचं, आणि ते रिंग फिरवूनही मिळालं असतं.

आणि चौथं, जे मी केलं नाही आणि ज्यावर मॅडमनी मला पकडलं: प्लासिबो चकती. त्याच कागदाची, तेवढ्याच क्षेत्रफळाची, पण *गोल* भोकाची. ती तशीच लेन्स उघडून, तशीच बसवून फोटो काढायचे. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात त्यातला प्रकार. लेन्स उघडल्यामुळे, काच किंचित तिरकी बसल्यामुळे किंवा कागदाच्या कडेमुळे जे काही झालं असेल, ते या चकतीतही दिसेल. मग अंडाकृतीतून ते वजा करता येतं.

आणखी एक चूक, तीही माझीच. मी २९ मिमीवरून हिशोब करून कागद कापला होता. पण २९ मिमी ही समोरून *दिसणारी* बाहुली आहे. खरं भोक दोन काचगटांच्या मध्ये असतं आणि पुढचा गट भिंगासारखा ते मोठं करून दाखवतो. प्रत्यक्ष भोक त्याहून लहान होतं. म्हणून माझी चकती ठरवल्यापेक्षा कमी प्रकाश अडवत होती आणि मी मात्र ‘एक स्टॉप’ असं लिहून मोकळी झाले होते. कागदावरचा आकडा आणि कॅलिपरने मोजलेला आकडा यांच्यात अख्खा काचगट उभा असतो.

चौथा बदल: प्रयोगशाळेतली चकती

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. २००७ च्या सिग्ग्राफ परिषदेत असंच लेन्सच्या भोकात नक्षी बसवणारे दोन पेपर आले.

पहिला अनात लेविन, रॉब फर्गस, फ्रेडो ड्युरँड आणि विल्यम फ्रीमन यांचा. त्यांनी कॅननची ५० मिमी एफ/१.८ लेन्स उघडली आणि अ‍ॅपर्चरपाशी ठिपक्याठिपक्यांची नक्षी कापलेला अडथळा बसवला. एकाच फोटोवरून कुठली वस्तू किती लांब आहे हे ओळखायचं आणि सगळं स्पष्ट असलेलं चित्रही तयार करायचं, हा हेतू. दुसरा अशोक वीरराघवन, रमेश रासकर, अमित अग्रवाल, अंकित मोहन आणि जॅक टंबलिन यांचा. यातले रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीचे विद्यार्थी. या पेपरातला एक भाग फोकस चुकलेला फोटो नंतर गणिताने दुरुस्त करण्याचा आहे.

मुद्दा समजायला थोडं गणित, घाबरू नका. धूसर होणं म्हणजे चित्रातले बारीक-जाड तपशील कमी-जास्त प्रमाणात दबणं. गोल भोकाची अडचण अशी की काही विशिष्ट बारकाव्याचे तपशील ते पूर्ण शून्य करून टाकतं. शून्य झालेलं कुठल्याही गणिताने परत येत नाही. शून्याला कितीने गुणाल?

दुसऱ्या पेपरवाल्यांना फोटो *दुरुस्त* करायचा होता. म्हणून त्यांनी अशी नक्षी शोधली की कुठलाच तपशील शून्याच्या जवळ जाऊ नये. लेविन आणि मंडळींना अंतर *ओळखायचं* होतं. वस्तू जितकी फोकसपासून लांब, तितका नक्षीचा ठसा मोठा, आणि ती शून्यं आपली जागा बदलतात. म्हणजे शून्यं हीच खूण! त्यांनी अशी नक्षी निवडली की वेगवेगळ्या अंतरांचे ठसे एकमेकांपासून सहज वेगळे ओळखता येतील. एकाच वर्षी, एकाच परिषदेत, एकाच प्रकारचा बदल. पण प्रश्न वेगळा, म्हणून भोक वेगळं. एकाला जे टाळायचं होतं, ते दुसऱ्याच्या उपयोगाचं.

ही जोडी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगते. आपल्याकडे बदल आधी ठरतो, प्रश्न नंतर चिकटवला जातो. अंडाकृती चकती हे त्याचं उत्तम उदाहरण. ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कापणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही.

‘कशावरून’ या प्रश्नावरही लेविन गट बरा ठरतो. त्यांनी फोकस एका अंतरावर कायम ठेवला, सपाट नमुन्याचे फोटो वेगवेगळ्या अंतरांवरून काढले आणि प्रत्येक अंतरासाठी धूसरपणाचा ठसा *मोजला*. गणिती आकृतीवर विसंबून राहिले नाहीत. साध्या अ‍ॅपर्चरशी तुलनाही केली. आणखी एक शहाणपणाचं काम मला नंतर लक्षात आलं: त्यांनी जुनी दुर्मीळ लेन्स घेतली नाही. तेव्हा दुकानात नवी आणि स्वस्त मिळणारी लेन्स घेतली. दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थ्याला तीच आणून प्रयोग करून बघता येत होता.

पण आरती ओवाळून थांबायला नको. या पद्धतीत लेन्स एका कामाला बांधली जाते. नक्षी प्रकाशाचा मोठा भाग अडवते आणि रिंग फिरवून भोक लहान करायची सोय व्यवहारात संपते. अंतराचा नकाशाही दर वेळी आपोआप नेमका निघत नाही. जिथे पृष्ठभाग कोरा, भिंतीसारखा सपाट रंगाचा, तिथे धूसरपणा ओळखायला काही तपशीलच नसतो. आणि अशा पेपरांत लेन्स उघडण्याच्या हातकामाला एखाददुसरं वाक्य मिळतं. कुठला स्क्रू आधी, काच परत कशी बसवली, मध्य साधला की नाही, हे वाचणाऱ्याने स्वतःच शोधायचं.

छंदवाल्यांकडून शिकण्यासारखं

इथे मला माझ्याच सुराला थोडा लगाम घालावा लागतो. स्क्रूबद्दल लिहिण्यात छंदवाले आपल्यापेक्षा पुढे आहेत. हेलिकॉइडचं ग्रीस वर्षानुवर्षं झिरपून ब्लेडवर कसं येतं, ब्लेडची बारीक खिळी निखळली की ती पाकळी कशी वाया जाते, कडी परत रचताना शेवटची पाकळी पहिलीच्या खाली कशी सरकवायची, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. आमच्या प्रबंधांत अशा गोष्टींना ‘लेन्समध्ये आवश्यक तो बदल केला’ एवढीच जागा असते.

त्यांचा दुसरा मुद्दाही रास्त आहे. ते म्हणतील, आम्हाला चित्र हवंय, सिद्धांत नको. मान्य. कलाकाराने लेन्स हवी तशी वाकवावी, त्याला प्लासिबो चकती मागणं हास्यास्पद ठरेल. माझा आक्षेप फक्त त्या खालच्या ओळीला आहे. ‘मला हे चित्र आवडलं’ असं लिहा, कुणी पुरावा मागणार नाही. ‘अंडाकृतीमुळे असं होतं’ लिहिलंत की मागणारच.

आणि ‘परत फिरता येतं का’ या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर फार जुनं आहे. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस यांनी सुचवलं की लेन्सच्या नळीला एक फट ठेवावी आणि वेगवेगळ्या भोकांच्या धातूच्या पट्ट्या त्यातून सरकवाव्यात. पट्टी काढली की लेन्स पहिल्यासारखी, दुसरी घातली की दुसरा प्रयोग. काच हलत नाही, गट उघडावा लागत नाही. पट्टीवर कुठल्याही आकाराचं भोक पाडा. फट पाडणं हा एकदाच केलेला बदल, त्यानंतरचे सगळे बदल काढता-घालता येणारे. तुमच्या प्रयोगाची रचना करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा: हात एकदाच आत घालायचा, आणि मग तुलना बाहेरून करायच्या.

करणार असाल, तर या क्रमाने

पहिलं, लेन्स उघडण्याआधी तिची नोंद. एका पांढऱ्या, एकसारख्या उजळलेल्या भिंतीचा रॉ फोटो प्रत्येक आकड्यावर घ्या, शटर आणि आयएसओ कायम ठेवून. यातून किती प्रकाश येतो ते कळतं आणि कोपरे किती काळवंडतात तेही.

दुसरं, ठिपक्याचा फोटो. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलला टाचणीने भोक पाडा, मागे एलईडी ठेवा, खोलीत अंधार करा आणि तो ठिपका फोकसबाहेर टिपा. दिसेल ती तुमच्या लेन्सची बाहुली. मध्यभागी, चारही कोपऱ्यांत आणि चारही बाजूंना असे नऊ फोटो घ्या. मांजरडोळा कुठे सुरू होतो ते कळेल. उघडून जोडल्यावर हेच नऊ फोटो परत घ्या. आधीची प्रभा मध्याभोवती सारखी होती आणि आता एका बाजूला झुकली असेल, तर काच तिरकी बसलीये. माझ्या पहिल्या लेन्सचं काय झालं होतं ते या चाचणीने दहा मिनिटांत कळलं असतं.

तिसरं, पुढचा गट काढण्याआधी नळीवर आणि गटावर पेन्सिलने जुळणाऱ्या खुणा करा. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. प्रत्यक्ष भोक कॅलिपरने मोजा, पण ब्लेडला टेकवू नका.

चौथं, आधी गोल चकती, मग अंडाकृती. उलट क्रमाने केलंत तर अंडाकृतीचे फोटो इतके आवडतील की गोल चकती बसवायचा कंटाळा येईल. हे मी अनुभवाने सांगते.

पाचवं, एकच लेन्स असेल तर निष्कर्षही एकाच लेन्सबद्दल लिहा. ‘हेलिओस ४४-२ मध्ये असं होतं’ आणि ‘माझ्या हेलिओस ४४-२ मध्ये असं झालं’ यांतलं अंतर परीक्षक व्हायव्हात बरोबर मोजतात.

पुढे मी दुसरी हेलिओस घेतली आणि हा क्रम पाळला. खरं सांगायचं तर निकाल निराशाजनक होता. ज्या गोष्टी मी चकतीच्या नावावर लावल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा एफ/२.८ च्या गोल चकतीतही दिसल्या. आकाराचं म्हणावं असं जे उरलं, ते दोन वाक्यांत मावलं: मागचे दिवे अंडाकृती होतात, आणि उभ्या-आडव्या रेषांची खोली वेगळी पडते. पण त्या दोन वाक्यांवर मॅडमनी काही विचारलं नाही. वहीत त्या पानावर मी ‘फक्त’ हा शब्द लिहिला होता, तो तसाच ठेवलाय. पहिल्या लेन्सच्या पानावरचा खोडला.